खंबाटकीतलं ओलं फडकं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी खंबाटकी घाटात माझी पद्मिनी बंद पडली. कोल्हापूरला निघालो होतो. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते, ती या वेळी बघायचीच असं ठरवलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, पुढे कंटेनरची रांग, वीस मिनिटं पहिला गिअर नाहीतर दुसरा. गाडीने आधी दोन आचके दिले. मग इंजिन गुदमरल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. बॉनेट उघडलं तर इंजिनाला लागून बसवलेल्या पेट्रोल पंपाला बोट लावता येत नव्हतं. आत पेट्रोलची वाफ झाली होती. हा पंप पेट्रोल ओढतो, वाफ त्याला ओढता येत नाही. त्यामुळे कार्ब्युरेटर कोरडा पडला.

मागून येणारा एक ट्रक बाजूला थांबला. पिकल्या मिशांचा चालक पाण्याचा कॅन घेऊनच उतरला. "फियाट हाय न्हवं? पंपावर फडकं टाका, सायेब. मुंबईत बारा वर्सं हीच चालवली म्या. उन्हाळ्यात फडकं भिजवूनच भायेर पडायचो." माझ्या डिकीतला जुन्या धोतराचा तुकडा त्यांनीच भिजवला, पंपाभोवती दोन वेढे दिले आणि वर ओंजळभर पाणी सोडलं. दहा मिनिटांनी सेल मारला आणि गाडी लागली. पैसे विचारायची सोयच नव्हती. जाता जाता त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला.

ते एकेकाळचे टॅक्सीवाले होते, आणि पद्मिनीचा सगळा इतिहास टॅक्सीवाल्यांचाच आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बांधली. आधी फियाट ११००, मग त्याच गाडीची पद्मिनी. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, तरी मुंबईच्या टॅक्सीत ती पुढे कितीतरी वर्षं राबली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीची मुदत २० वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तेव्हा पेपरांत खूप हळवं छापून आलं. त्या दिवशी आम्हा पद्मिनीवाल्यांचं काय गेलं, ते मात्र फार कुणी लिहिलं नाही. टॅक्सी होती तोवर पिस्टन-रिंग, पॉइंट, कंडेन्सर, वॉटर पंप, ब्रेकचे लायनर हा सगळा माल ऑपेरा हाऊसच्या दुकानांत आणि आमच्या पुण्याच्या नाना पेठेत हमखास मिळायचा, कारण गिऱ्हाईक रोजचं होतं. आता गिऱ्हाईक म्हणजे आम्ही हौशी. आमच्यातला एकेक जण वर्षाकाठी एखादा पॉइंटचा सेट नेणार. तेवढ्यासाठी कोणता कारखानदार साचा चालू ठेवील?

कोल्हापूरहून परतल्यावर पंप उघडला. गेली सतरा वर्षं माझी गाडी एकाच मिस्त्रींकडे जाते. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. इंजिनाचा आवाज ऐकायचा असला की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवतात आणि मूठ कानाशी धरतात. अशाच एका सकाळी "तिसऱ्याचा टॅपेट वाजतोय" म्हणाले आणि तो तिसऱ्याचाच निघाला. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरलाही थोडी कमीच लागते. चाचा ती नजरेने लावतात, मग फीलर गेज घालून मला दाखवतात. त्या दिवशी त्यांनी पंपातला डायफ्राम काढून माझ्या तळहातावर ठेवला. कडेने फुगून मऊ झाला होता, नखाने दाबलं तर खूण तशीच राहत होती. "पुराना माल आहे, साहेब. हे नवीन पेट्रोल त्याला सोसत नाही."

नवीन पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. त्याची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. या इथेनॉलमध्ये आपल्या उसाचा मोठा वाटा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे, त्या धोरणाशी माझं भांडण नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरू लागतो. ते उकळतंही लवकर, म्हणजे खंबाटकीत झालं ते पुन्हा होणार. जुन्या रबराचे पाइप आणि डायफ्राम या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. ब्रिटनमध्ये २०२१ साली साध्या पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर नेलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचं सुपर पेट्रोल महाग का होईना, चालू ठेवलं. आपल्याकडे मोठ्या शहरांत निदान एकेका पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवायला काय हरकत आहे? लिटरमागे चार पैसे जास्त मोजायची आमची तयारी आहे. शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झालं, तेव्हाही जुन्या इंजिनांचं कसं व्हायचं ही चिंता होती. लेथवाल्यांनी कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून ती मिटवली. या वेळीही ते मार्ग काढतील, फक्त गाडी तोवर रस्त्यावर राहायला हवी.

गाडी रस्त्यावर राहायला कायद्यात तिला जागा लागते, आणि घोडं तिथेच अडलं आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, ढाच्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज. नव्याने नोंद करायची तर २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. चांगलं पाऊल होतं, मी तेव्हा याच सदरात त्याचं स्वागत केलं होतं. पण त्यातून राजे-रजवाड्यांच्या गाड्यांची सोय झाली, आमच्या घरांतल्या गाड्यांची झाली नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. पहिल्या तुकडीतली गाडी व्हिंटेज होईल २०३३ मध्ये. माझी पद्मिनी १९८६ ची, तिला २०३६ उजाडेल. शेवटी शेवटी बनलेल्या पद्मिनी २०५० पर्यंत थांबणार. तोवर कायद्याच्या लेखी ते नुसते जुने खटारे. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि वर पर्यावरण कर. फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजार झालं, आणि २० वर्षांवरच्या मोटारीसाठी २०२५ मध्ये १० हजार. ज्याच्या दारात एकच गाडी आहे तो एकदा भरेल, दुसऱ्यांदा भंगारवाल्याला फोन करील. व्हिंटेज होण्याआधीच गाडी संपली तर ५० वर्षांचा नियम कुणासाठी?

तरी लोक या गाड्या जपतातच. सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका वडिलांची मारुती ८०० स्वतः धुतात, स्वतः ग्रीस करतात आणि दर रविवारी हरिपूरला संगमावर जाऊन येतात. ८०० चं बरं आहे, सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात. कॉन्टेसावाल्यांचे हाल विचारू नका. हिंदुस्तान मोटर्सची ही लांबलचक गाडी १९८४ ते २००२ पर्यंत बनली. तिची मागची काच फुटली की लोक महिनोन् महिने हिंडतात. माझ्या ओळखीतल्या एकाने टेल-लाइटच्या एका काचेसाठी इंदूरपर्यंत प्रवास केला. काच मिळाली तेव्हा त्याने आधी बायकोला फोन लावला. जिप्सीवाल्यांचा तर स्वतंत्र गोतावळा आहे, टायर-सस्पेन्शनवर रात्ररात्र बोलतील.

बदलांचा प्रश्न तिथेच येतो आणि त्यावर मला स्पष्ट बोलायचं आहे. गाडी मूळ बनावटीपेक्षा वेगळी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सांगितलं. त्यामागची काळजी रास्त आहे. ढाचा कापून केलेल्या जिप्सी, कानठळ्या बसवणारे सायलेन्सर, चाकं बॉडीच्या हातभर बाहेर काढलेल्या जीप मला बघवत नाहीत. रस्ता सगळ्यांचा आहे. पत्रा एकदा कापला की ती गाडी कायमची गेली, आणि अशा गाड्या कमी उरल्या असताना तो गुन्हाच मानायला हवा. पण पद्मिनीला तीन बिंदूंचा सीट बेल्ट लावला, पुढे डिस्क ब्रेक बसवले, तर तिचं काय बिघडलं? जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या बटणातून जातो आणि उजेड पिवळट पडतो. मध्ये रिले घातला की रस्ता लख्ख दिसतो, बाहेरून गाडी होती तशीच. उद्या मूळ रूपात नेता येतील आणि आतल्या माणसांना सुरक्षित करतील असे बदल नोंद करून मान्य व्हावेत. काय चालेल आणि काय नाही, याची आरटीओने यादीच करावी.

जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षं झालेल्या जुन्या मोटारींना वेगळी नंबरपट्टी मिळते, शेवटी एच हे अक्षर. गाडी मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत आहे हे तपासूनच ती देतात, मग रोज चालवली तरी हरकत नसते. आपल्याला एवढं मोकळं सोडता येणार नाही. माझी पद्मिनी एका किलोमीटरमागे जेवढा धूर सोडते तेवढा आजची गाडी सोडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरची मर्यादा घाला, मीटर तपासा, ब्रेक आणि धूर दरवर्षी तपासा. त्या बदल्यात ३० वर्षांवरच्या जपलेल्या गाडीला वेगळा दर्जा द्या आणि फेरनोंदणीचं ओझं उतरवा.

यात चाचांचाही प्रश्न आहे. त्यांच्याकडे आता एकच मुलगा शिकायला आहे. लॅपटॉप जोडून गाडी तपासायचं काम तो दुसऱ्या गॅरेजमध्ये शिकला आहे, पण कार्ब्युरेटरचे जेट उघडायला त्याला चाचाच हवेत. आमच्या गाड्या आल्या नाहीत तर तो शिकणार कशावर? परवा चाचांनी फुगलेला डायफ्राम कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पत्रा त्यांनी मुंबईहून मागवून ठेवला होता. त्या मुलाने कात्रीने पहिला तुकडा कापला, भोकं जुळेनात. चाचांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा कापायला सांगितला. चौथा बसला. खंबाटकी घाटातून तो एकदा चढवून बघायचा आहे. येत्या रविवारी दुपारी, मुद्दाम उन्हातच निघणार आहे. फडकं डिकीत असेलच.