सायबर सुरक्षेची परीक्षा: ९.८ गुणांची त्रुटी आधी दुरुस्त करायची, हे उत्तर चुकीचं का ठरू शकतं?

समजा, शुक्रवारची संध्याकाळ आहे. तुमच्यासमोर दोन त्रुटी आहेत आणि आज रात्री त्यातली एकच दुरुस्त करता येणार आहे. पहिलीला १० पैकी ९.८ गुण आहेत, म्हणजे ती अतिगंभीर. पण ती आहे इंटरनेटशी न जोडलेल्या, फक्त चाचणीसाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर. दुसरीला ७.५ गुण आहेत. ती ग्राहक पैसे भरतात त्या सर्व्हरवर आहे आणि हल्लेखोर ती आधीपासून वापरत आहेत. आधी कोणती?

उत्तर आहे, दुसरी. पण तयारी करणारे अनेक जण मोठा आकडा बघून पहिलीवर खूण करतात.

'व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट' म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधणं, त्यांचा क्रम लावणं आणि त्या दुरुस्त झाल्या की नाही हे तपासणं. कॉम्पटिया या संस्थेच्या 'सायसा प्लस' परीक्षेच्या सीएस०-००३ या आवृत्तीत या एका विषयाला ३० टक्के वजन आहे. १६५ मिनिटं, जास्तीत जास्त ८५ प्रश्न. पाठांतरावर थोडेफार गुण मिळतीलही, पण खरा कस लागतो तो क्रम लावण्यात.

सगळंच दुरुस्त का करत नाहीत?

कारण ते शक्यच नाही. जाहीर झालेल्या त्रुटींना साधारणपणे 'सीव्हीई' क्रमांक मिळतो. एकट्या २०२४ मध्ये असे सुमारे ४० हजार क्रमांक दिले गेले, म्हणजे दिवसाला शंभराहून जास्त. प्रत्येक पॅच टाकायचा तर आधी तो तपासा, सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवा, ग्राहकांना कळवा... कोणत्याही कंपनीकडे एवढी माणसं नसतात. आणि यातल्या अगदी थोड्या त्रुटींचाच प्रत्यक्ष हल्ल्यात वापर होतो.

गुण देण्याच्या पद्धतीला 'सीव्हीएसएस' म्हणतात. हल्ला दुरून करता येतो का, लॉगिन लागतं का, समोरच्याने काही क्लिक करावं लागतं का, अशा गोष्टींवरून मूळ गुण ठरतात. ती त्रुटी तुमच्या ऑफिसातल्या नेमक्या कोणत्या मशीनवर आहे, हे त्या आकड्याला माहीत नसतं. ते तुम्हालाच बघावं लागतं.

इक्विफॅक्समध्ये काय झालं?

माहिती असणं आणि दुरुस्त करणं यात किती अंतर असतं, हे बघायला अमेरिकेतल्या इक्विफॅक्सइतकं चांगलं उदाहरण नाही. ही कंपनी लोकांच्या कर्जाचा इतिहास ठेवते. मार्च २०१७ मध्ये 'अपाची स्ट्रट्स' या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि पॅचही लगेच उपलब्ध झाला. कंपनीत ४८ तासांत दुरुस्तीची सूचना निघाली.

पण ज्या यादीवर ती सूचना गेली, ती यादीच जुनी होती. पॅच टाकण्याची जबाबदारी असलेल्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही. नंतर स्कॅन केलं, त्यातही त्रुटी सापडली नाही. मे महिन्यात हल्लेखोर ग्राहकांच्या तक्रारींच्या पोर्टलमधून आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आतच राहिले. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. २०१९ मध्ये कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

यात कुठेही अवघड तंत्रज्ञान आड आलं नाही. कोणतं सॉफ्टवेअर कुठे आहे याची यादी, जबाबदार माणसाचं नाव आणि काम झाल्यावरची फेरतपासणी. अभ्यासक्रमातली ही कंटाळवाणी प्रकरणं विद्यार्थी सर्रास गाळतात, म्हणून हे सांगितलं.

गुणच मिळाले नाहीत तर?

या सगळ्याचा पाया किती ठिसूळ आहे, हे अलीकडे दोनदा दिसलं. सीव्हीई क्रमांकांना तपशील आणि गुण जोडण्याचं मोठं काम अमेरिकेची 'निस्ट' ही सरकारी संस्था करते. फेब्रुवारी २०२४ पासून तिचं काम मंदावलं आणि हजारो त्रुटी विश्लेषणाविना पडून राहिल्या.

मग एप्रिल २०२५ आला. १९९९ पासून सीव्हीई चालवणाऱ्या 'मायटर' संस्थेने कळवलं की, सरकारी कंत्राट १६ एप्रिलला संपतंय. जगभरातली स्कॅनर्स ज्या क्रमांकांवर चालतात, तेच थांबतात की काय अशी वेळ आली. अगदी शेवटच्या क्षणी कंत्राट ११ महिन्यांनी वाढवलं गेलं. पुढच्याच महिन्यात युरोपने स्वतःचा त्रुटींचा डेटाबेस सुरू केला. भारतात 'सर्ट-इन'लाही सीव्हीई क्रमांक देण्याचे अधिकार आहेत, पण मूळ व्यवस्था अमेरिकेच्याच पैशावर उभी आहे.

मग अभ्यास कसा करायचा?

गुणांबरोबर आणखी दोन गोष्टी बघायची सवय लावा. पहिली, अमेरिकेच्या 'सिसा' संस्थेची 'केव्ह' यादी. प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटीच या यादीत येतात. दुसरी 'ईपीएसएस', म्हणजे पुढच्या ३० दिवसांत एखादी त्रुटी वापरली जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज. दोन्ही मोफत आहेत. महागडा क्लास लावण्याआधी आठवडाभर रोज दहा नव्या त्रुटी घ्या आणि एखादं छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर ठेवून त्यांचा क्रम लावून बघा.

त्या हॉस्पिटलात एखादं जुनं एमआरआय मशीन असेलच, ज्याला कंपनी आता पॅचच देत नाही. ते बंद करता येत नाही आणि तसंच सोडताही येत नाही. अशा वेळी ते बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं करायचं, त्यावर नजर ठेवायची आणि उरलेली जोखीम व्यवस्थापनाकडून लेखी मान्य करून घ्यायची. परीक्षेत असा प्रश्न आला आणि पर्यायांत 'ताबडतोब पॅच टाका' दिसलं, तर खूण करण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा.