‘तेच ते चेहरे’ म्हणणाऱ्यांनी खजिनदारपद घ्यावे



टेकड्यांवरची निसर्ग उद्याने सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये वर्षानुवर्षे तीच ती माणसे पदाला चिकटून बसली आहेत, अशी तक्रार करणारी पत्रे या आठवड्यात लागोपाठ छापून आली. एकाने तर ‘निवृत्तांचा अड्डा’ असा शब्द वापरला आहे. मी अशाच एका संस्थेची साधी सभासद आहे, पदाधिकारी नाही. तरीही हे वाचून संताप आला, कारण गेल्याच रविवारी आमची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली आणि तिथे काय घडले ते मी डोळ्यांनी पाहिले.

गणसंख्या न भरल्याने सभा तहकूब झाली. अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच मूठभर माणसांत ती पुन्हा सुरू झाली. आमच्या खजिनदारांनी सत्तरी ओलांडली आहे. नजर अधू झाली, आता मोकळे करा, अशी विनंती त्यांनी मागच्या वर्षीही लेखी दिली होती. अध्यक्षांनी विचारले, ही जबाबदारी कोण घेतंय? कोणीही पुढे आले नाही. समितीत नवे रक्त हवे, असे सतत बजावणारे एक गृहस्थ तिथे हजर होते. त्यांनी आपल्यामागे व्याप फार असल्याचे सांगितले. शेवटी त्याच खजिनदार काकांना पुन्हा गळ घातली गेली आणि ते ‘बरं’ म्हणाले. या माणसाला कोणी पदाचा लोभी म्हणत असेल तर ते मला सहन होणार नाही.

तेच चेहरे दिसतात, कारण ते पद दुसऱ्या कोणाला नको आहे. मला एवढेच सांगायचे आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

टेकडीचे काम म्हटले की रोपे, पक्षी, सकाळची मोकळी हवा एवढेच डोळ्यांपुढे येते. त्या कामाला माणसे मिळतात. वणव्याचे दिवस सुरू होण्याआधी जाळरेषा काढायला, पावसाळ्याच्या तोंडावर चरांतला गाळ उपसायला, मे महिन्यात पाण्याचे कॅन वर न्यायला तरुण मुले-मुली येतात आणि मनापासून राबतात. मिळत नाही तो हिशेब लिहिणारा, आणि संस्था टिकते ती त्या हिशेबावर. महाराष्ट्रात अशी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही तिची नोंद करावी लागते, म्हणजे कागद दोन्हीकडचे आले. ३१ मार्चला खाती बंद करायची आणि सहा महिन्यांत लेखापरीक्षण पुरे करून घ्यायचे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. तो मान्य होईपर्यंत परिशिष्टावर जुनीच नावे राहतात आणि बँकेत व्यवहार अडतात. प्राप्तिकरातल्या सवलतीची नोंदणी पूर्वी एकदा झाली की झाली. २०२१ पासून ती ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते. ‘८०-जी’खाली देणग्या घेणाऱ्या संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांची यादी ओळख क्रमांकांसह ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे भरावी लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. टेकडीवरच्या रोपांना सर्वांत जास्त पाणी लागते तो नेमका हाच महिना.

हे सगळे बिनपगारी चालते. रिक्षाचे भाडे खिशातले, छायाप्रतींचे पैसे खिशातले. सुनावणीची तारीख पडली की दिवस मोडायचा. ज्यांना नोकरी आहे, लहान मुले आहेत, रोज दोन तास वाहतुकीत जातात, त्यांना हे जमत नाही. मग ते निवृत्त माणसांवर येते. यात अड्डा कुठला?

आणि एकाच माणसाने खूप वर्षे टिकून राहणे हा दोष धरण्याआधी पुण्याने आपलाच इतिहास आठवावा. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या आणि पुढे राहिलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे, सुमारे ९७५ हेक्टर. त्यावर राज्य सरकारचे शिक्कामोर्तब व्हायला २०१५ उजाडले. मधल्या काळात नगरसेवक बदलले, आयुक्त बदलले, सरकारे बदलली. हरकती-सूचनांच्या प्रती, नकाशे, जुनी पत्रे पिशवीत घालून प्रत्येक सुनावणीला हजर राहणारी माणसे बदलली नाहीत, म्हणून ते आरक्षण वाचले. चार टक्के बांधकामाला परवानगी द्या, अशी मागणी त्या काळात किती वेळा पुढे आली आणि किती वेळा परतवली गेली, हे याच ‘त्याच त्या’ चेहऱ्यांना तोंडपाठ आहे. बांधकामवाल्यांकडे पगारी माणसे असतात. ती थकत नाहीत.

सरकारी योजनांमधून ‘लोकसहभाग’ हा शब्द कधी गळत नाही. ५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, केंद्र सरकारने पाच वर्षांत देशात २०० नगरवने उभारण्याची घोषणा केली आणि नमुना म्हणून आपल्या वारज्याचे वन पुढे ठेवले. उजाड वनजमिनीवर वन विभाग, स्वयंसेवी संस्था आणि नागरिकांनी मिळून उभे केलेले हे वन. पुणेकरांना त्याचा अभिमान वाटावा, मलाही वाटतो. पण अशा योजनांत कुंपण, रोपे, पायवाटा यांची तरतूद होते. संस्थेच्या कार्यालयात आठवड्यातून दोन-तीन दिवस बसून खतावणी लिहिणाऱ्या, पत्रव्यवहार पाहणाऱ्या एका माणसाचा पगार कुठून यायचा? लोकसहभाग हवा असेल तर त्या लोकांच्या डोक्यावरचा कागदांचा भारा उतरवण्याचीही सोय करायला हवी.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही हेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. जुलै आला की त्यांचे दूरध्वनी सुरू होतात. शनिवारी आमचे शंभर कर्मचारी येतील, शंभर खड्डे तयार ठेवा, फलक आम्ही आणतो. खड्डे कोणी खणायचे? आणि त्या शंभर रोपांना पुढची तीन वर्षे फेब्रुवारी ते जून पाणी कोणी घालायचे? ते विचारले की समोरून उत्तर येत नाही. शिवाय आमच्या टेकड्यांवर दिसेल त्या मोकळ्या जागी झाड लावणेच मुळात चूक आहे. हे गवताळ माळ आहेत. चंडोल इथे जमिनीवर घरटे करतो, गवत गेले की तो गेला. पूर्वी गुरे खात नाहीत आणि झटपट वाढते म्हणून लावलेल्या गिरिपुष्पाने वेताळ टेकडीच्या उतारांवर काय केले ते जाऊन पाहावे. त्याच्या दाट गर्दीखाली खैर, सालई, धावड्याची पोरे वर येत नाहीत. आमच्या समितीने गेल्या पावसाळ्यात एका कंपनीला लागवडीसाठी ठाम नकार दिला आणि त्याबरोबर येणारी देणगीही सोडली. असा नकार द्यायला गवत ओळखणारी आणि कोणाची भीड न धरणारी माणसे लागतात. ती याच समितीत आहेत.

काही संस्थांत पदे मिरवण्यासाठी धरून ठेवली जातात, हे खरे आहे. तिथे सभासदांनी संस्थेच्या घटनेत मुदतीचे बंधन घालावे, मी त्याच्या बाजूने मत देईन. पण मुदत संपल्यावर खुर्चीत बसायला दुसरा कोणी तयार नसेल तर त्या कलमाने संस्था बंद पडेल. तिचे कागद धूळ खात पडतील आणि टेकडीच्या पुढच्या सुनावणीला आपल्या बाजूने उभे राहायला कोणी उरणार नाही.

म्हणून वन विभाग, महापालिका आणि देणगीदार कंपन्या यांना माझी विनंती आहे की, ज्या संस्थांकडून तुम्ही उद्यानाची देखभाल करून घेता, त्यांना एका अर्धवेळ लेखनिकाचे मानधन द्या. शंभर रोपांच्या कार्यक्रमाला मांडव, फलक आणि नाश्ता यांवर जो खर्च होतो त्यात त्याचे कित्येक महिने निघतील. शहरातल्या सनदी लेखापालांनी वर्षाला एका टेकडीचे लेखापरीक्षण विनामूल्य करून द्यावे. आणि ज्यांनी ती पत्रे लिहिली त्यांनी आपापल्या भागातल्या टेकडीच्या संस्थेकडे जाऊन एका मुदतीपुरते खजिनदार किंवा सहचिटणीस व्हावे. आमच्याकडची सहचिटणिसाची जागा आजही रिकामी आहे. अर्जावर सूचक म्हणून सही करायला मी तयार आहे.

— एक सभासद, पुणे