मालकाचे कागद वाचा

हिवरे बाजारची ग्रामसभा दरसाल पाण्याचा ताळेबंद सर्वांसमोर मांडते आणि मगच पिके ठरविते. उसास तेथे थारा नाही. पण ज्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात ते गाव वसले आहे तो उसाचा. १९५० साली प्रवरानगरास सहकारी कारखाना उभा राहिला, आणि पुढे या कारखानदारीतूनच आमदार, खासदार व मंत्री घडले. पाण्याचा हिशेब चव्हाट्यावर येतो. मग ऊसतोड्याची मजुरी ठरविणाऱ्यांच्या राजकीय संबंधांचा का येऊ नये?

कोयत्यावर जाणारे आपले बांधव संघटना बांधू लागले की प्रथम मालकच हरवतो. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम उचलीचा हिशेब पुढे करतो, आणि संचालक मंडळ नामानिराळे राहते. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या लवादातून तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती आम्ही नाकारीत नाही. परंतु मजुरांच्या वतीने बोलणाऱ्या पंकजा मुंडे यांनी परळीच्या वैद्यनाथ कारखान्याचे अध्यक्षपदही भूषविले आहे. यात दोषारोप नाही. मात्र आपला प्रतिनिधी आणखी कोठे बसतो, हे मजुरास ठाऊक असलेच पाहिजे.

कागद दुर्मिळ नाहीत. निवडणूक लढविलेल्या संचालकाचे मालमत्ता, कर्ज व खटले सांगणारे शपथपत्र निवडणूक आयोगाकडे खुले असते. सहकारी कायद्याच्या कलम ३२ खाली सभासद ताळेबंद व सभेचे इतिवृत्त विनामूल्य पाहू शकतो. ऊसतोड्याकडे शेअर नसतो, तो शेजारच्या लहान शेतकऱ्याकडे असतो. त्याला जोडून घ्यावे. सहकारी संस्था सहसा माहिती अधिकारात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरविले; तथापि निबंधक येतो, आणि कायद्याने त्याला मिळविता येणारी माहिती त्याच्याकडे मागता येते. कारखाना खाजगी कंपनीचा असल्यास पक्षाला दिलेली देणगी तिच्या नफातोटा पत्रकात शोधावी. निवडणूक रोख्यांचा पडदा तर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयानेच दूर केला.

एक पथ्य मात्र पाळावे. संचालकाच्या घरातील गोष्टी व ऐकीव वार्ता पत्रकात घालू नयेत. एका खोट्या ओळीपायी अब्रूनुकसानीचा खटला उभा राहून सारा हंगाम कोर्टाच्या पायऱ्यांवर गेल्याचे आम्ही वकिलीत पाहिले आहे. हाती कागद असेल तेवढेच लिहावे, आणि उचलीच्या पावतीवर अंगठा उठण्यापूर्वी, वर्षावासाच्या बैठकीतच, ते विहारात वाचून दाखवावे.