प्रस्तावपत्र आणि विधवेवरचा भार

विमा काढताना जुना आजार लपवू नये, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु सुरतच्या यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी कामगाराचे प्रस्तावपत्र भरतो कोण? कमिशनवर जगणारा एजंट. पूर्वीच्या क्षयाची नोंद गाळली जाते, कामगार दाखवलेल्या जागी सही करतो. पुढे तीच सही त्याच्या विधवेविरुद्ध पुरावा ठरते!

1938 च्या विमा कायद्यातील कलम 45 नुसार, 2015 च्या दुरुस्तीनंतर, तीन वर्षांनी पॉलिसीला कोणत्याच कारणास्तव आव्हान देता येत नाही. हा लाभ खराच. मात्र त्याआधी विमेदार दगावला आणि कंपनीने फसवणुकीचा आरोप केला, तर तो खोडून काढण्याचा भार वारसांवर पडतो. मृताचा हेतू विधवेने कसा सिद्ध करावा? ही तरतूद रद्द झालीच पाहिजे. तोवर शाखांनी कामगारांची प्रस्तावपत्रे सहीपूर्वी वाचून दाखवावीत.