पाणंद खाल्ली आपण, आणि राग सायकलवाल्यांवर



रविवारी पहाटे गव्हाला पाणी देत होतो. पेरून विसावा दिवस, मुकुटमुळं फुटायची वेळ, हे पाणी चुकवून चालत नाही. लाईट रात्रीची, म्हणून दोनपासून दारं मोडत बसलेलो. उजाडता उजाडता कॅनॉलच्या भरावावरून पाच सायकलवाले आले. डोक्याला हेल्मेट, वाकडं हँडल, टायर आपल्या जुन्या ॲटलसपेक्षा रुंद आणि खाचांचं. एकाच्या चाकात सराटा घुसलेला. पंक्चर काढायला बसेल म्हणून बघतोय, तर त्याने काटा उपटला, चाक गरागरा फिरवलं, आतून रुईच्या चिकासारखं पांढरं आलं आणि भोक आपोआप बंद! त्यांना पाणी दिलं, बोलणं सुरू झालं. पुण्याकडची नोकरदार माणसं. म्हणाले, हायवेवर ट्रकच्या भीतीने जीव मुठीत धरून चालवावी लागते, म्हणून गाड्या नसलेले कच्चे रस्ते हुडकत फिरतो.

त्यातल्या एकाने मोबाईलवर सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा भरून आणला होता. त्यावरची तुटक रेघ दाखवून म्हणाला, "काका, इथून गाडीवाट दिसतीय, पार शाळेच्या गावापर्यंत. पण समोर तर ऊस आहे. रस्ता कुठं गेला?"

मी काय सांगणार? तो ऊस माझ्या चुलतभावाचा, आणि त्याच्या पलीकडचा बांध माझा.

आता संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर काय आलं बघा. "शहरातली रिकामटेकडी आपल्या शिवारात फिरतात, ग्रामसभेत ठराव घेऊन बंद करा." खाली तीस-चाळीस अंगठे. अंगठे देणाऱ्यांत निम्मे असे आहेत की ज्यांच्या बांधाने पाणंद गिळलीय. म्हणून हे लिहितोय. राग आला तरी पूर्ण वाचा.

तलाठ्याकडचा गाव नकाशा कुणी शेवटचा कधी उघडला? त्यावर दोन तुटक रेघांनी दाखवलेला असतो तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका तुटक रेघेचा तो पायमार्ग, सव्वाआठ फूट. आपल्या शिवारात दोन तुटक रेघा तीन ठिकाणी आहेत. जागेवर जाऊन बघा. एक ठिकाणी वेडी बाभूळ, एक ठिकाणी घाणेरी आणि उकिरडे, आणि तिसऱ्या ठिकाणी सरळ ऊस.

हे कसं झालं त्याचा हिशोब सोपा आहे. दर नांगरटीला एक तास पाणंदीत जास्त. नऊ इंच. समोरचाही गप्प बसत नाही, त्याचेही नऊ इंच. वर्षाला दीड फूट. साडेसोळा फुटांची पाणंद अकरा वर्षांत संपली! भांडण नाही, तक्रार नाही, कारण दोघंही चोर. माझ्या वडिलांनी हेच केलं आणि त्यांच्या माघारी मीही केलं. दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी हे कबूल करतो.

मिळालं काय? हजार फूट लांबीच्या पाणंदीत जागा पंधरा गुंठे. दोन्ही बाजूंचे आठ शेतकरी धरले तर वाट्याला दोन गुंठेही येत नाहीत. चांगला पिकला तर तीन टन ऊस. आणि गेलं काय? तोडणीला गाडी फडापर्यंत जात नाही, मोळ्या डोक्यावरून रस्त्याला आणायच्या, त्याचे वरचे पैसे वेगळे. कारखान्याची पाळी आली तरी वाट नाही म्हणून तोडकरी पुढच्या फडात. तोवर वजन घटतं. पावसाळ्यात शेणखताची ट्रॉली नेता येत नाही, टोमॅटोचे क्रेट खांद्यावर. तीन टनासाठी हे सगळं. कृषी सहायक, प्लॉट बघायला येणारे डॉक्टर साहेब, तुम्ही सांगा, कुठल्या खताने हा तोटा भरून निघतो?

पण खरा तोटा उसाचा नाही. शाळा पलीकडच्या गावात. पाणंदीने अडीच किलोमीटर, डांबरी रस्त्याने सहा. आमच्या वेळी आम्ही पाणंदीने सायकल मारत जायचो, मागं एकजण, पुढं नळीवर एकजण. घरी परत येताना बोरं. गेल्या हंगामात माझी पुतणी, नववीतली, त्या डांबरीवरून येताना दोन ट्रॉल्यांचा ऊस ओव्हरटेक करून पुढं गेला. मागची ट्रॉली झोल खाते हे तुम्हाला माहीत आहे. पोरगी साईडपट्टीवरून खाली गेली, मनगट मोडलं. जीव वाचला. तेव्हापासून सायकल गोठ्यात टांगलेली. आता तिला भाऊ मोटारसायकलवर सोडतो, आणि त्याला दुसरं काम असलं की त्या दिवशी शाळा बुडते. गाड्या नसलेला कच्चा रस्ता ही शहरवाल्यांची हौस असेल. माझ्या पुतणीला मात्र तो दप्तराइतकाच लागतो.

ज्या ठिकाणी पाणंद होती तिथं सायकलवाला आला की आपल्याला वाटतं तो आपल्या शेतात घुसला. अहो, तो सरकारी नकाशावरच्या रस्त्यावर उभा आहे, आपणच रस्त्यात उभे आहोत.

आता सायकलवाल्या मंडळींना दोन शब्द, कारण त्यांच्यातलेही काही हे पान वाचतात. तुम्ही म्हणता "ट्रॅफिक नाही". तसं नाही हो. मोटार नाही एवढंच. त्या वाटेवर बैलगाडी आहे, मेंढरांचा कळप आहे, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई आहे, तिला बाजूला बघता येत नाही. मागून एकदम घंटी वाजवली की बैल बुजतो, तोंडाने हाक द्या. आडवी ठिबकची नळी दिसली तर उतरा, सायकल उचलून घ्या. द्राक्षाच्या बागेत फवारणी चालू असेल तर लांब थांबा, ते धुकं नव्हे. काट्याची फांदी वाटेत आडवी लावलेली असेल तर ती जनावरांसाठी आहे, जशी होती तशी परत लावा. आणि कॅनॉलचा भराव पाटबंधारे खात्याचा, आवर्तन चालू असताना कडेने जाताना जरा जपून, पाय घसरला तर अस्तरावरून वर येता येत नाही. इंग्लंडात घोड्यांच्या जुन्या वाटांवर सायकलला परवानगी 1968 च्या कायद्याने मिळाली, पण अट घालून: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. आपल्याकडे घोड्याच्या जागी बैल आणि मेंढरू धरा.

दुसरा वाद आपल्यातल्याच लोकांशी. पाणंद मोकळी करायची म्हटलं की लगेच मागणी, "काँक्रीट करा". का? काँक्रीट झालं की पहिल्या महिन्यात वाळूचे आणि मुरमाचे डंपर त्याच वाटेने पळणार, कारण डांबरीवर अडवतात. मग ती पाणंद राहिली का? पोरं पुन्हा गोठ्यात. ओढ्याजवळच्या चिखलाच्या तुकड्यात करा काँक्रीट, मी आडवा येणार नाही. जर्मनीत शेतात जायच्या वाटांना नुसत्या चाकापुरत्या दोन पट्ट्या काँक्रीटच्या करतात, मध्ये गवत तसंच. बऱ्याच ठिकाणी पाटी असते की शेतीची वाहनं आणि सायकल सोडून कुणी यायचं नाही. आपल्याला ही गोष्ट का सुचू नये?

बाकी ठिकाणी मुरूमच, पण नीट. आपल्याकडे काळ्या मातीवर दोन ट्रॉल्या मुरूम ओततात, फोटो काढतात, एका पावसात मुरूम खाली आणि चिखल वर. काळी माती आधी फूट-दीड फूट काढा, ती शेतात टाका, वाया जात नाही. खाली दगडगोटे, वर कठीण मुरूम, थराथराने पाणी मारून रोलर. दहा फूट रुंदीला मध्ये अडीच-तीन इंच उंचवटा. दोन्ही बाजूंना चर, आणि चराला पुढं ओढ्यापर्यंत वाट. चर नसेल तर बाकी सगळं फुकट, कारण उसाला पाटाने पाणी सोडणारा शेतकरी वर्षभर रस्त्याखाली पाणी झिरपवत असतो. पाईप आडवा न्यायचा तर नळी घालून रस्त्याखालून, वरून उकरून नाही.

कायद्याचं म्हणाल तर ते आपल्या बाजूचं आहे. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्ट अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नवी वाट बांधावरून हवी असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम 143. मे 2025 मध्ये शासनाने निर्णय काढला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी. ही नोंद करून घ्या, नाहीतर आपली पोरं पुन्हा नऊ-नऊ इंच खातील.

मी चुलतभावाशी बोललो. दादा म्हणाला, "ऊस तुटल्यावर बघू." म्हणजे होकार समजायचा का नकार, मला अजून कळलेलं नाही. पण माझ्या बाजूचे सव्वाआठ फूट मी सोडतोय, त्याला विचारायची गरज नाही. शनिवारी सकाळी आठला सुरुवात माझ्या बांधापासून. रविवारच्या सायकलवाल्यांपैकी दोघं येतो म्हणालेत. वेडी बाभूळ बरीच आहे, कोयते आणि जाड हातमोजे घेऊन या. नाष्टा आमच्याकडे.