खोक्याची पाठचिकित्सा

घरी प्लायवूड कापून जुन्या आर्केड खेळाचे कॅबिनेट बांधणाऱ्याला आपण साहित्याचे अध्यापक सहजच स्मरणरंजनात रमलेला ठरवतो. खेळाची संहिता संगणकावर शाबूत असताना खोक्याचा सोस कशाला, असे आपण विचारतो. आपले अज्ञान या प्रश्नातच आहे.

'पॅक-मॅन' (1980) घ्या. त्याची जॉयस्टिक चारच दिशांना वळते. तिथे आठ दिशांची बसवली, की वळणावर हात तिरका पडतो आणि खेळाडू भुताच्या तोंडी जातो. 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या (1978) उभ्या कॅबिनेटमध्ये तर आक्रमक आरशातून परावर्तित होऊन रंगवलेल्या चांद्रभूमीवर दिसत. ती चांद्रभूमी संहितेत नव्हतीच; ती खोक्यात होती.

1997 मध्ये आलेला 'मेम' हा इम्युलेटर संहिता दोषांसकट जपतो. 'पॅक-मॅन'ची 256वी पातळी त्यातही अर्धी विस्कटते, कारण पातळी मोजणाऱ्या आठ बिटांत 255 पलीकडचा आकडा मावत नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये 'ज्ञानेश्वरी'चा पाठ शुद्ध केला. येथे अशुद्ध पाठच प्रमाण मानावा लागतो. पण उभे राहण्याची उंची, जॉयस्टिकचा ताण, पडद्याचा उभा आकार यांची पाठचिकित्सा कोण करणार? ती हा करवतवाला करतो आहे.

आपण मात्र ओवी मुकाट्याने वाचून घेतो आणि तिच्यावर दहा गुणांची टीप मागतो. ती म्हणायची असते, हे कितीजणांच्या वर्गात ऐकू येते? संहितेचे खोके फेकून देणाऱ्यांनी त्याला हौशी म्हणू नये.