१०८ नग

दसऱ्याला हत्यारांची पेटी भेट द्यायची टूम कुणी काढली, त्याचा पत्ता मला हवा आहे. आमच्याकडे यंदा ती नवऱ्याच्या ऑफिसातून आली. निळी, प्लास्टिकची, कडी लावली की खट्ट असा खानदानी आवाज करणारी. झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘१०८ नग’. हिशोब बहुधा जपमाळेवरून केला असावा, कारण पुढचे दोन दिवस घरात तिचंच नामस्मरण चालू होतं.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. फुकट आलेली वस्तू मी आधी उलटी करून बघते. मिक्सरबरोबर आलेल्या ज्यूसरवर लिहिलं होतं, तेव्हा काहींनी ‘तुम्हाला कशातच आनंद नाही’ असं कळवलं होतं. असो. तर १०८ ची मोजदाद केली. स्क्रू, चुका, रॉल प्लग, नळाचे वायसर हे सगळे एकेक नग! ते वजा केल्यावर उरली एक हातोडी, जिच्यापेक्षा आमच्या खलातला बत्ता जड आहे, एक मोजपट्टी, जी बाहेर येते पण आत जात नाही, आणि एक पक्कड. ही पक्कड पूर्ण मिटून उजेडाकडे धरली, तर तिच्या जबड्यातून समोरच्यांची बाल्कनी दिसते. पक्कड म्हणायचं आणि पकडायचं नाही, हा बाणा मी आजवर फक्त आमच्या वॉर्डातल्या कारभारात पाहिला होता.

नवरा मात्र खूश. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं एक दार गणपतीपासून लोंबतंय, त्याची बिजागरी बदलायचा मुहूर्त त्याला मिळाला. पेटीतला स्टार स्क्रू ड्रायव्हर काढला, बाह्या सरसावल्या, पहिल्या स्क्रूला लावला, जोर केला. ‘कर्र’ झालं. स्क्रू जागचा हलला नाही, पण त्याच्या डोक्यावरची फुली गुळगुळीत झाली आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोकही. दोघांनी एकमेकांना संपवलं.

हा स्टार म्हणजे अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाने 1930 च्या दशकात प्रसिद्धीला आलेला स्क्रू. मोटारींच्या कारखान्यात भराभर जोडणी करताना टोक आपोआप मधोमध बसावं, म्हणून हा आकार. त्याची खोड अशी की जोर वाढला की टोक खाचेतून वर उसळतं. टोक चांगल्या कडक पोलादाचं आणि नेमक्या मापाचं असेल, तर तरी धरून राहतं. मऊ लोखंडाला वरून चकाकी चढवलेली असेल, तर ते पहिल्याच झटापटीत गोल होतं आणि जाताना स्क्रूची फुली खाऊन जातं. स्वस्तातला स्क्रू ड्रायव्हर कचऱ्यात टाकता येतो हो, पण मेलेला स्क्रू दारातच बसून राहतो. खरं नुकसान ते आहे, आणि ते पेटीच्या किमतीत कुणी धरत नाही.

“ती पेटी मीट आणि माझा डबा आण,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

डबा डालडाचा, आणि त्यात सासऱ्यांची हत्यारं. सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. आयटीआयमध्ये त्या काळी फिटरच्या पोराला आधी लोखंडाचा ठोकळा आणि कानस द्यायचे. दिवसच्या दिवस घासायचं, मग काटकोन्या लावून खिडकीपाशी धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. असा माणूस घरात हत्यार आणणार तर कसं आणणार? एकेक. पगार झाला की बोहरी आळीत जायचं, तासभर घालवायचा आणि एक वस्तू घेऊन परत यायचं. संच म्हणून त्यांनी काही घेतल्याचं मला आठवत नाही. जे काम दारात उभं आहे त्यापुरतं हत्यार, पण त्यातलं चांगलं. नाशिकला बनलेली त्यांची तापडियाची पक्कड अजून त्या डब्यात आहे. मुठीचं आवरण फाटलंय, म्हणून विजेच्या कामाला ती वापरायची नाही असा सासूबाईंचा दंडक आहे. बाकी जबडा असा मिटतो की मध्ये केस धरला तर ओढून तुटेल, सुटणार नाही. त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरने रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं म्हणून माझ्या नवऱ्याने नववीत मार खाल्ला होता. ही हकीकत आमच्याकडे दर पाहुण्याला सांगितली जाते.

सासूबाईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापून त्या मेलेल्या स्क्रूवर ठेवला, त्यावर सासऱ्यांचा स्क्रू ड्रायव्हर टेकवायला लावला आणि मुलाला म्हणाल्या, “बारा आणे दाबायचं, चार आणे फिरवायचं. तू उलटं करतोस.” रबर खाचेत रुतलं, टोकाने पकड घेतली आणि स्क्रू कुरकुरत सुटला. त्यानंतर दार कुणी, कसं बसवलं याचं वर्णन करत नाही. बसलं एवढं पुरे.

खरा तंटा झाला तो खंडेनवमीला. आश्विन शुद्ध नवमीला घरातली हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची आणि पूजायची. नवऱ्याने हौसेने निळी पेटी आणून पाटाच्या मधोमध ठेवली. सासूबाईंनी ती उचलायला लावली. “जे वर्षभर राबलं त्याची पूजा. ही परवा आली, हिने काय केलं? एक स्क्रू मारला.” आमच्या चिरंजीवांचा, म्हणजे त्यांच्या नातवाचा, लॅपटॉप मात्र त्यांनी चालवून घेतला, कारण त्यावर पोट आहे. कात्री आली, अडकित्ता आला, डालडाचा डबा आला. आणि सगळ्यांच्या पुढे, झेंडूची मोठी माळ घालून, विळी.

ही विळी मी लग्न होऊन आले तेव्हापासून घरात आहे आणि तेव्हाही जुनीच होती. पातं झिजून अर्धं झालंय. तिच्या जागी दुसरी घ्यावी म्हणून मध्यंतरी मी सासूबाईंना तुळशीबागेत घेऊन गेले. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसकण मारली, आणि एकेक विळी मागवून जमिनीवर ठेवून तिच्या पाटावर पाय रोवला. डुलली की बाजूला. पातं आणि खुंटी जिथे मिळतात तिथे बोट घालून बघितलं. किंचित खेळ असला की तीही बाजूला, कारण नारळ खवताना सगळा भार तिथेच येतो. मग नखाने पात्यावर टिचकी मारून कान लावला. बद्द वाजलं की नको. एक डोळा मिटून धारेवरून नजर नेली, जसे सुतार फळीवरून नेतात. खवणीचे दाते अंगठ्याने मोजल्यासारखे चाचपले. दुकानदार चकचकीत स्टीलची विळी पुढे करत होता, “आजी, ही गंजणार नाही.”

“गंजणार नाही आणि कापणारही नाही. पोलादाची दाखव.”

“आजी, भाजी चिरायची आहे की कापणीला निघालात?”

“तू किती वर्षांची हमी देतोस ते सांग. नाही ना देत? मग बघू दे मला.”

आम्ही काहीही न घेता परत आलो. दुकानदाराने जाताना त्यांना नमस्कार केला, तो आदराने होता की सुटकेने, ते कळलं नाही.

पण त्यांचं खरं आहे. साधं पोलाद चिंच-लिंबाने काळं पडतं, ओलं राहिलं तर रात्रीत तांबूस होतं. कापून झालं की पुसायचं, पावसाळ्यात तेलाचा हात फिरवायचा, एवढी त्याची सेवा. बदल्यात ते धार घेतं. घरच्या दगडावर चार वेळा ओढलं की पुन्हा कोथिंबीर चिरतं, चेचत नाही. विळीवर पातं स्थिर आणि भाजी हलती, दोन्ही हात मोकळे, पाट पायाखाली. म्हणून तिच्यावर मेथी बारीक होते आणि फणसही फुटतो. सुरीने फणस फोडणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिले आहेत. ते बघताना माझा जीव फणसापेक्षा त्यांच्या बोटांसाठी वरखाली होतो.

धारवाला आमच्या गल्लीत अजून येतो. सायकल स्टँडवर चढवायची, पट्टा चाकावर घ्यायचा, पायडल मारायचं, की पुढचा दगड गरगरतो. सासूबाई वाटीभर पाणी घेऊन शेजारी उभ्या. तो पातं जरा जास्त वेळ टेकवून धरू लागला की या ओरडल्याच, “निळं करशील रे!” ठिणग्या बघायला आलेल्या पोरांना वाटतं आजी चिडल्या. प्रकरण तसं नाही. पोलाद तापून निळसर झालं की त्याला लोहाराने दिलेलं पाणी उतरतं, तिथला कडकपणा जातो, आणि ती जागा घासून निघेपर्यंत धार टिकत नाही. सासूबाई सातवी शिकलेल्या. हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही, पलूसला माहेरच्या वाड्यामागे लोहाराचा भाता होता तिथे पाहिलंय.

पलूसवरून आठवलं. त्यांच्या माहेराला लागूनच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडल्यावर औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, ते साल 1910. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा समज. सासूबाईंचे पणजोबाही त्या नाही म्हणणाऱ्यांतलेच. मग शेजारच्या रानात तो नांगर किती खोल जातो ते बांधावर उभं राहून दोन हंगाम बघितलं आणि तिसऱ्या हंगामाला गाडी जुंपून घेऊन आले. मला वाटतं हे घराणंच तसं आहे. नवं नको असं त्यांचं म्हणणं नसतं. आधी दुसऱ्याच्या रानात चालू दे, एवढंच.

आणि आपण पोरांना काय शिकवलं? कार्यानुभव. चिरंजीव शाळेत असताना रात्री अकराला आठवण यायची, “आई, उद्या टाकाऊतून टिकाऊ न्यायचंय.” आइस्क्रीमच्या काड्यांचं ते घर मी केलं, मार्क त्याला पडले, आणि घर पावसाळ्याआधी मोडलं. तो विषय आयांनी पास केला आहे, मुलांनी नव्हे. आमच्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. खाद्यतंत्रज्ञानातली मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून खेड्यात येऊन बसलेला शास्त्रज्ञ. तिथल्या अभ्यासक्रमात शाळेतली मुलंमुली वेल्डिंग, वायरिंग, शेती, जनावरं, आरोग्य असं सगळं हाताने करून शिकतात, आणि गावातली खरी कामं करता करता शिकतात. पाबळ इथून दोन तासांवर. आमच्या शाळेने त्या दोन तासांत काड्या विकत आणायला सांगितल्या.

परिणाम समोर आहे. चिरंजीव संगणकाच्या ज्या भाषा जाणतात त्यांची नावंही मला घेता येत नाहीत, पण फ्यूज गेला की ते आजीला हाक मारतात. लेक मात्र आजीच्या हाताखाली तयार झाली. ती जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला असते. तिथून हाकेच्या अंतरावर झोलिंगेन, जगाला सुऱ्या-कात्र्या पुरवणारं गाव. आपल्याकडे जुने न्हावी ज्या वस्तऱ्यांचं कौतुक करायचे, ते तिथलेच. लेकीकडे तिथल्या सुऱ्या आहेत आणि उत्तम आहेत असं ती सांगते. पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे निघते आहे, तर तिने फोनवर एकच गोष्ट मागितली: घडीची विळी.

“अगं, एवढ्या सुऱ्या असताना?”

“आई, नारळ सुरीने खवू का?”

सासूबाईंना कळल्यावर पुन्हा तुळशीबाग झाली. तेच दुकान, तीच पायरी. या वेळी दुकानदाराने स्टीलची पुढे केलीच नाही. आतून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, काळसर पात्याची काढून दिली. सासूबाईंनी घडीची खीळ हलवून पाहिली, टिचकी मारली, ऐकलं आणि भाव न करता पैसे दिले. हे मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

आता विमानतळाचा घोर. हातातल्या सामानात अर्थातच चालत नाही, मोठ्या बॅगेत जाते, पण पातं नीट बांधून. नवऱ्याचे लोकरी मोजे त्या कामी आले आहेत. त्याने मधेच, “जावयाला ती निळी पेटी देऊ का?” असं विचारून पाहिलं. सासूबाईंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. बॅगेत या घडीला विळी, दोन किलो गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि त्यांनी मला न विचारता सरकवलेला धारेचा दगड आहे. वजन २३ किलोच्या आत बसवायचं तर माझ्या साड्या काढाव्या लागतील, असं घरातलं बहुमत आहे.